एकाच म्हशीचं दूध दोनदा: खानापूर भागातल्या एका संकलन ॲपची गोष्ट

पहिली तक्रार आली ती पैसे कमी मिळाले म्हणून नव्हे, जास्त मिळाले म्हणून. कणकुंबीकडच्या एका वाडीवरच्या मावशी दहा दिवसांचं दूधबिल घेऊन दूध संकलन केंद्रावर आल्या, सेक्रेटरींसमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "माझी दुभती म्हस एकच हाय, मग ह्या तारखेला सकाळचं दूध दोनदा कसं लागलंय? उद्या तुम्ही हिशोब बघून कापून घेणार, त्यापेक्षा आजच बघा की." सेक्रेटरींनी आपली वही उघडली, वहीत एकदाच होतं. मग त्यांनी मला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "तुमचं ॲप दूध वाढवतंय हो, ते पण पाणी न घालता."

आधी थोडं मागचं सांगतो. बेळगावात, टिळकवाडीत आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे, हिशोबाची सॉफ्टवेअरं करतो. एका खाजगी डेअरीची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडं, जांबोटी-कणकुंबी-लोंढा ह्या बाजूला बावीस संकलन केंद्रं आहेत (डेअरीचं नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हतीच). ॲप आम्ही केलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी केलेलं आमच्या गळ्यात आलं होतं, आणि मी कोड वरवर बघून "चालतंय ना, मग हात कशाला लावा" म्हणून गप्प बसलो होतो. हे कबूल करूनच पुढं लिहितो.

केंद्रावर काय चालतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी तेवढाच वेळ. टेबलावर वजनकाटा, फॅट मशीन, एक मोबाईल आणि ब्लूटूथवर चालणारा छोटा थर्मल प्रिंटर. माणूस येतो, सभासद नंबर सांगतो, दूध ओततो, लिटर घातलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन घटक) घातला की ॲप दर काढतं, सेव्ह दाबलं की पावती निघते. पावती कमरेला खोचून माणूस घरी. दहा दिवसांनी बिल, त्यातून गोळी पेंडीचे पैसे कापून. मागं रांग उभी असते, पोरांची शाळा असते, पाऊस असतो, एका माणसाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला की कुरकुर सुरू.

जुनी रचना अशी होती की मोबाईलमधलं ॲप थेट मुंबईतल्या एका भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवरच्या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसशी बोलायचं. मध्ये काहीच नाही. म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड ॲपच्या आत, आणि पोर्ट ५४३२, म्हणजे डेटाबेसचं दार, सगळ्या जगाला उघडं, ॲपची फाईल कुणीही उलगडून पासवर्ड वाचू शकतो. हे बघून मला घाम फुटला होता पण त्याची गोष्ट इथं नको, तेवढ्यानंच पान भरेल. ह्या प्रकरणाला लागू असलेली गोष्ट वेगळी आहे: ॲप प्रत्येक नोंदीला नवीन कनेक्शन उघडायचं आणि नोंद झाली की बंद करायचं.

माझा पहिला अंदाज साफ चुकला. मला वाटलं सर्व्हर लांब आहे म्हणून हळू चालतंय. मग कागदावर हिशोब केला. बेळगाव ते मुंबई रस्त्यानं साधारण पाचशे किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. तारा काही सरळ जात नाहीत, मध्ये राउटर असतात, म्हणून त्याच्या पाच-सहा पट धरा, तरी ३० मिलिसेकंदात काम झालं पाहिजे. ऑफिसातून तेवढंच येत होतं. सर्व्हर मुंबईतून उचलून आणखी जवळ आणला असता तरी काही फरक पडला नसता, आणि मी जवळजवळ त्याचंच कोटेशन काढायला बसलो होतो.

मग पावसात गाडी काढली आणि जांबोटीवरून कणकुंबीला गेलो. मलप्रभा उगम पावते ते हे गाव, पुढं रस्ता चोर्ला घाटानं गोव्यात उतरतो, आणि जुलैत तिथं पाऊस असा की टेबलावर बसलेल्या माणसाचा आवाज पत्र्याच्या आवाजात ऐकू येत नाही. मी कोपऱ्यात स्टूल टाकून एक सकाळ नुसतं बघत बसलो. ऑपरेटर पोरगा हुशार होता, त्यानं फोन दोरीनं खिडकीच्या गजाला टांगून ठेवला होता कारण तिथंच एक-दोन कांड्या येतात. नोंद भरायला टेबलावर घ्यायचा, सेव्ह दाबायचा आणि परत गजाला टांगायचा. गोल फिरत बसतं, मग कधी पावती येते, कधी लाल अक्षरात एरर. एरर आली की परत सेव्ह.

मी माझ्या लॅपटॉपला त्याचाच हॉटस्पॉट घेऊन मोजलं. एक फेरी म्हणजे इथून निरोप जाऊन उत्तर यायला ६०० ते ७०० मिलिसेकंद, आणि मध्येच काही निरोप गायबच. आता फेऱ्या मोजा. टीसीपी जोडणीची एक. पोस्टग्रेसला "एसएसएल बोलूया का" विचारायची एक. गुप्त भाषा ठरवायच्या, म्हणजे टीएलएस १.२ च्या, दोन. पासवर्ड पटवून द्यायच्या तीन. मग बिगीन (सुरू कर), इन्सर्ट (नोंद घाल), कमिट (पक्कं कर), अशा तीन. दहा फेऱ्या, गुणिले ६५० मिलिसेकंद, साडेसहा सेकंद, आणि ते सुद्धा एकही निरोप हरवला नाही तर. माणूस दूध ओतून उभा, आणि ॲप मुंबईला दहा चकरा मारून येतंय.

ऑपरेटरनं आणखी एक गोष्ट दाखवली जी मला ऑफिसात बसून शंभर वर्षांत कळली नसती. अधूनमधून फोनवर वरती छोटा आर येतो आणि नेट एकदम बंद. घाटाच्या तोंडावर फोन कधी कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. गोव्याकडचा पकडला की त्या फोनच्या दृष्टीनं ते रोमिंग, आणि फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवलेलं, कारण कुणीतरी कधीतरी "चालू ठेवलं तर पैसे कटतात" म्हणून सांगून ठेवलेलं. सेटिंग चालू करून दिलं, थोडं बरं झालं. पण सर्कल बदललं की फोनचा पत्ताच बदलतो आणि चालू असलेलं कनेक्शन तिथंच मरतं, त्याला सेटिंगचा इलाज नाही. सीमाभागात माणसांची ओळख दोन बाजूंना ओढली जाते हे आम्हाला जन्मापासून माहीत आहे, सिमकार्डाचं पण तेच चाललंय हे नवीन कळलं.

संध्याकाळी सर्व्हरचा लॉग उघडला आणि मावशींच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या. सभासद तोच, ४.५ लिटर, फॅट ६.८, दोन्हीमध्ये एकोणीस सेकंदांचं अंतर. झालं असं: पहिली नोंद मुंबईत पोचली, कमिट झाली, सगळं व्यवस्थित. "झालं" हा निरोप परत येताना कणकुंबीच्या पावसात हरवला. फोननं दहा सेकंद वाट बघून एरर दाखवली. पोरानं परत सेव्ह दाबलं. फोनला वाटलं पहिली गेलीच नाही, सर्व्हरला वाटलं हे नवीन दूध आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

ह्याच्या उलटं पण झालेलं होतं, आणि ते जास्त वाईट. ॲप पावती छापायचं इन्सर्टचं उत्तर आल्यावर, कमिटच्या आधी. त्या दोघांच्या मध्ये नेट गेलं तर पावती माणसाच्या हातात आणि डेटाबेसात काहीच नाही, कारण कमिट न झालेलं सगळं पोस्टग्रेस पुसून टाकतं. ज्यांचं दूध असं हरवलं त्यातल्या किती जणांनी तक्रार केली असेल? पावत्या कोण दहा दिवस जपून ठेवतो. सेक्रेटरींची वही नसती तर आम्हाला ह्याचा पत्ताच लागला नसता.

आणखी एक दुखणं होतं, सकाळी सव्वासातला ॲप सगळीकडंच बंद पडायचं, त्याचं पण उत्तर त्याच लॉगमध्ये मिळालं. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनला एक पूर्ण प्रोसेस लागते आणि मूळ सेटिंगनं एकूण १०० कनेक्शन, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. फोनचं नेट मध्येच गेलं की फोन "येतो हं" म्हणून सांगून जात नाही, सर्व्हरला वाटतं गडी अजून लाईनवर आहे. लिनक्स अशा गप्प कनेक्शनला पहिला ठोसा मारून बघतो तो मूळ सेटिंगनं ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. तोपर्यंत ते भूत जागा अडवून बसलेलं. बावीस केंद्रं, प्रत्येकाचं तासाभरात चार-पाच वेळा नेट गेलं की झाले शंभर. मग पुढच्याला उत्तर काय, तर उरलेल्या जागा राखीव आहेत. लाल बसमध्ये रिकाम्या सीटवर "महिलांसाठी" लिहिलेलं वाचून उभं राहावं लागतं ना, तसलं.

आता उपाय. इथं मी एक घाईचा उपाय केला तो सांगतो, कारण बरेच जण हाच करतील. एका सभासदाची एका तारखेला एका पाळीत एकच नोंद, असा युनिक नियम डेटाबेसात टाकला. डबल नोंदी एका रात्रीत बंद. दोन दिवसांनी दुसऱ्या एका केंद्रावर भांडण. दोन भाऊ, चूल वेगळी झाली, गोठा वेगळा झाला, पण सभासद नंबर अजून वडिलांच्याच नावाचा एकच. सकाळी आधी थोरला येतो, मग धाकटा, आणि बिल आल्यावर पावत्या बघून वाटून घेतात. माझ्या नियमानं धाकट्याचं दूध परत पाठवलं. तो ऑपरेटरला म्हणाला, "माझं दूध दूध नाही काय?" त्यात कुणाकडं गाय पण आणि म्हस पण, दोन वेगळे कॅन, ते वेगळंच. दोन भावांचं लिटर आणि फॅट एखाद्या दिवशी तंतोतंत सारखं पण येऊ शकतं. म्हणजे नोंदीच्या आतला मजकूर बघून डबल ओळखताच येत नाही. ओळखायची आहे ती दूध ओतायची कृती, आणि ती कृती फक्त केंद्रावरच्या फोनला माहीत असते.

तिथून सगळी रचना उलटी केली. सेव्ह दाबलं की नोंद आधी फोनमध्येच, एसक्यूलाईटमध्ये. २००० साली आलेला हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतोच, वेगळं काही बसवायला लागत नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही नाहीतर एकही नाही अशा पद्धतीनं, दोन टेबलात लिहायचं: एक नोंदींचं, एक आउटबॉक्सचं, म्हणजे अजून वर पाठवायच्या गोष्टींचं. दोन्ही झालं की पावती. नेट असो नसो, अर्ध्या सेकंदात प्रिंटर कुरकुरतो. मग मागच्या मागं आउटबॉक्स रिकामा करायचा, पन्नास-पन्नास नोंदींचा एक गठ्ठा, एकच एचटीटीपीएस विनंती. मुंबईत मध्ये एपीआय सर्व्हर, म्हणजे फोनचे निरोप घेऊन डेटाबेसला देणारा, त्याच्यामागं कनेक्शन पूल (उघडून ठेवलेली, सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायची कनेक्शन), म्हणजे डेटाबेसला एकूण वीसच कनेक्शन दिसतात, फोन बावीस असोत नाहीतर दोनशे. पासवर्ड फोनमधून गेला, पोर्ट बंद.

प्रत्येक नोंदीला फोनच एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीला येणार नाही असा लांबलचक नंबर, देतो, आणि सर्व्हरवर इन्सर्ट करताना "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग", म्हणजे तो नंबर आधीच असेल तर काही करू नको, पोस्टग्रेसला हे ९.५ व्हर्जनपासून येतं. तीच नोंद दहा वेळा पाठवली तरी एकदाच बसते. उत्तर हरवलं? परत पाठवा, काही बिघडत नाही. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या आठवड्यात तरी डबल नोंदी आल्याच. मी डोकं धरून बसलो. कारण सापडलं ते असलं की सांगायला लाज वाटते: आमच्या ऑफिसातल्या पोरानं यूयूआयडी सेव्हचं बटण दाबल्यावर तयार केला होता. जुन्या ॲपच्या सवयीनं ऑपरेटर घाईत दोनदा दाबायचा, दोन दाबण्यांचे दोन नंबर. नंबर फॉर्म उघडतानाच घ्यायला पाहिजे, मग त्या फॉर्मवर किती वेळा पण दाबा.

मध्ये एक प्रश्न आला की हे सगळं हातानं करण्यापेक्षा फायरस्टोर का नको. गूगलची तयार डेटाबेस सेवा आहे, अँड्रॉइडवर ऑफलाइन साठवण आपोआप चालू असते, नेट आलं की आपणच सिंक करतं. खरं सांगायचं तर कोऱ्या पाटीवर सुरुवात करणारा आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसलेला कुणी विचारेल तर मी तेच सांगेन. आम्ही नाही घेतलं त्याची कारणं आमची होती. दहा दिवसांचं बिल म्हणजे दरपत्रक, कपात, मागची बाकी, सगळ्यांची जोडाजोड, ते एसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) एका पानात होतं आणि आमच्या तिघांनाही झोपेत लिहिता येतं. शिवाय फायरस्टोरमध्ये प्रत्येक डॉक्युमेंट, म्हणजे नोंद, वाचली की मोजणी होऊन पैसे लागतात, आणि आमच्याकडं सेक्रेटरी दिवसातून दहा वेळा पूर्ण यादी वरखाली करतात. आणि ट्रान्झॅक्शन ऑफलाइन असताना तिथं चालत नाही, ती फेलच होते. साधी नोंद ऑफलाइन लिहिता येते, पण कोडमध्ये तिच्या "यशस्वी" निरोपाची वाट बघत बसलात तर तो निरोप नेट येईपर्यंत येतच नाही, आणि मग परत तेच गोल फिरणारं चक्र. म्हणजे कुठलंही घ्या, पावती कुणाच्या शब्दावर छापायची हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

२००० साली एरिक ब्रुअरनं मांडलेलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंचनी सिद्ध केलेलं कॅप थिअरम आम्ही कॉलेजात मार्कांसाठी पाठ केलं होतं: मध्ये तार तुटली तर एक तर सगळीकडं सारखा हिशोब दिसेल, नाहीतर काम चालू राहील, दोन्ही नाही. कणकुंबीत तार रोजच तुटलेली. दूध थांबवून ठेवता येत नाही, नासतं. म्हणजे काम चालू ठेवायचं आणि हिशोब थोड्या वेळानं जुळवायचा, इथं निवड करायला जागाच नाही. जुन्या ॲपनं नेमकं उलटं निवडलं होतं, आणि ते सुद्धा न कळत.

सेक्रेटरी काकांची वही मी त्यानंतर नीट बघितली. केंद्रावर नोंद, महिन्याकाठी खानापूरच्या ऑफिसात नेऊन जुळवणी. वहीत खाडाखोड एक नाही. चुकलं तर खाली नवीन ओळ, "वरील नोंद रद्द", आणि त्याखाली बरोबर नोंद. आम्ही तेच उचललं. फोनमधून आलेली ओळ बदलायची नाही आणि पुसायची नाही, चूक असेल तर उलट नोंद. ह्यामुळं दोन फोननी एकच ओळ बदलली तर कुणाचं खरं हा सिंकमधला सगळ्यात किचकट प्रश्नच उरला नाही, कारण बदलतंच कोण?

दराचं पण असंच सुटलं. डेअरी महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला दर बदलू शकते, आणि दोन दिवस नेट नसलेल्या फोनमध्ये जुनंच दरपत्रक. आधी मी म्हटलं जुनं दरपत्रक असेल तर नोंद अडवू. सेक्रेटरी काका हसले. मग प्रत्येक नोंदीत दरपत्रकाचा नंबर पण ठेवला, सर्व्हर नवीन दरानं हिशोब करून जो काही फरक येईल तो बिलात वेगळ्या ओळीत दाखवतो. दिवाळीला फरक वाटप बघत मोठी झालेली माणसं आमची, "फरक" शब्द वाचला की कुणी काही विचारत नाही.

डेटाबेस मॅनेज्ड सेवेवर, म्हणजे सांभाळायचं काम ॲमेझॉनकडं असलेल्या सेवेवर, हलवला, मुंबईतच. ॲमेझॉनच्या क्लाउडची मुंबई रीजन २०१६ पासून आहे, त्यात एकमेकांपासून वेगळी अशी तीन झोन आहेत, एका झोनमध्ये मुख्य डेटाबेस आणि दुसऱ्यात त्याची जशीच्या तशी जोडीदार प्रत. मुख्य पडला तर जोडीदार साधारण ६० ते १२० सेकंदात जागा घेतो. जुन्या ॲपला ही दोन मिनिटं म्हणजे बावीस गावांत बोंबाबोंब, आता आउटबॉक्स दोन मिनिटं थोडा जाड होतो एवढंच. बॅकअप ३५ दिवसांपर्यंत मागच्या कुठल्याही क्षणाला नेता येतो, देव करो आणि लागू नये. वाचायला वेगळी रेप्लिका, म्हणजे आणखी एक प्रत, घ्या असा सल्ला मिळाला होता, घेतली नाही, आमच्या एवढ्याशा संसाराला कशाला.

एक धोका मात्र ह्या नवीन रचनेतच लपलेला. वीज जाते, टॉवरची बॅटरी पण संपते, आणि मग सगळ्या भागाची लाईट एकदम येते. तेव्हा सगळे फोन एकाच वेळी गठ्ठे घेऊन दारात. म्हणून सिंक फसलं की पुढचा प्रयत्न दुप्पट वेळानं, आणि त्या वेळेत थोडा फासे टाकल्यासारखा फरक, म्हणजे सगळे एकदम येत नाहीत. मागच्या मागं चालणाऱ्या कामाला अँड्रॉइड १५ मिनिटांपेक्षा कमी अंतर देतच नाही, आणि काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली ते पण मारून टाकतात, म्हणून ॲप उघडलं की आणि प्रत्येक सेव्हनंतर पण प्रयत्न. शिवाय स्क्रीनवर मोठ्या अक्षरात "वर पोचायच्या नोंदी: ४३". एका गावात ऑपरेटर घरी जाताना वळणावरच्या एका दगडावर दोन मिनिटं बसतो, तिथं नेट येतं, आकडा शून्य झाला की गाडीला किक. त्या दगडाला आता पोरं सर्व्हरच म्हणतात.

बारीकसारीक गोष्टी भरपूर निघाल्या, दोनच सांगतो. एका केंद्राच्या नोंदी सलग तीन दिवस पुढच्या आठवड्यातल्या तारखेनं येत होत्या. ऑपरेटरच्या मुलानं गेममध्ये जास्तीचे जीव मिळावेत म्हणून फोनची तारीख पुढं ढकलली होती आणि विसरला. तेव्हापासून फोनची वेळ, सर्व्हरला पोचली ती वेळ आणि त्या फोनचा चढता क्रमांक, तिन्ही ठेवतो, आणि दोन वेळांमध्ये वेडंवाकडं अंतर दिसलं की लाल खूण. दुसरी म्हणजे जनावराचा प्रकार जुन्या ॲपमध्ये हातानं टाईप करायचा होता. डेटाबेसात सापडलं: म्हैस, म्हस, म्हैसचे, आणि कन्नड बोलणाऱ्या ऑपरेटरकडून एम्मे. चौघी एकच, पण बिलाच्या हिशोबाला चार जाती. आता आत फक्त १ आणि २, स्क्रीनवर ज्याला ज्या भाषेत पाहिजे त्या भाषेत. सभासदांची नावं पण बँकेच्या यादीत एका स्पेलिंगनं, केंद्रावर दुसऱ्या, म्हणून नावावरून काहीही जोडायचं नाही, नंबरावरूनच.

एवढं झाल्यावर वाटलं, संपलं. गणपतीच्या आधी एका ऑपरेटरचा फोन वरच्या खिशातून सरळ दुधाच्या कॅनमध्ये पडला. आउटबॉक्समध्ये न पोचलेल्या ३७ नोंदी. फोन बंद. पण गावात पावत्या होत्या, दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना सांगितलं, काहींच्या उन्हानं पुसट झालेल्या, तरी दुपारपर्यंत ३७ च्या ३७ जमल्या आणि दुसऱ्या फोनवर परत भरल्या. मी खुश, रचनेची परीक्षा झाली, पास झालो म्हणून ऑफिसात चहा सांगितला.

पाचव्या दिवशी तांदळाच्या डब्यातून काढलेला फोन चालू झाला. नेट पकडलं, आणि इमानदारीत आपल्या ३७ नोंदी वर पाठवून दिल्या. हातानं भरलेल्यांचे यूयूआयडी नवीन, ह्यांचे जुने, सर्व्हरच्या दृष्टीनं काहीच डबल नाही. त्या यादीत त्याच मावशी परत. ह्या वेळी त्यांनी बिल घेऊन यायच्या आधीच सेक्रेटरी काकांना निरोप पाठवला होता, "परत दोनदा लागलंय का बघून ठेवा म्हणावं."

यूयूआयडी कागदावर नसतो, कुणी वाचून सांगू शकत नाही, तिथंच घोळ होता. म्हणून आता नोंदीची खरी ओळख म्हणजे पावतीवर छापलेला नंबर: फोनचा कोड आणि त्या फोनचा चढता क्रमांक, मोठ्या ठळक अक्षरात. पावतीवरून परत भरताना तोच नंबर घालावा लागतो आणि युनिक नियम त्याच्यावर. ॲप काढून परत टाकलं तर क्रमांक १ पासून सुरू होऊन जुन्या नंबराला धडकेल, म्हणून प्रत्येक इन्स्टॉलला सर्व्हर नवीन कोड देतो. आणि "डू नथिंग" काढून टाकलं, कारण नंबर तोच पण लिटर वेगळं आलं तर गप्प बसून चालत नाही, ती नोंद बाजूला पडते आणि सकाळी सेक्रेटरी काकांच्या स्क्रीनवर वर येते. काल तशी एक आली होती. पुसट पावतीवरचा ३ ऑपरेटरनं ८ वाचला होता.